वाहत्या टाकीला ‘वरीलप्रमाणे’ नसतं

तुमच्या माणसाच्या शिरेतून जे औषध आत जातं, ते पुढे कुठे जातं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

किती दिलं, हे आपण विचारतो. दिवसातून किती वेळा, अजून किती दिवस, बाहेरून आणून द्यावं लागेल का, हेही विचारतो. आत गेलेलं औषध आत राहतंय का, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाला सुचलं. त्याने तोंड उघडलं आणि मी त्याचं मनगट धरून त्याला गप्प केलं.

ते दिवस नवरात्राचे होते. आता पुन्हा नवरात्र आलंय. दिघीत आमच्या चाळीमागे लष्कराचं कुंपण आहे, त्याच्या पलीकडचं गवत कंबरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलंय. दुपारी ऊन असं लागतं की पत्र्याला हात लावू नये. मोशीच्या रस्त्याला झेंडूचे टेम्पो उभे राहिलेत आणि सकाळी चाकणकडे निघणाऱ्या कंपनीच्या बसमधल्या सगळ्या बायका एकाच रंगात दिसतात. आज हिरवा, उद्या राखाडी. वरून कंपनीचा निळा एप्रन येणारच असतो, तरी आत रंग तोच हवा. आईकडे राखाडी साडी नव्हती. दरवर्षी त्या दिवशी ती माझी ओढणी घेऊन जायची आणि संध्याकाळी त्या ओढणीला आंबट, कोमट वास यायचा. दोन वेळा धुतली तरी तो जायचा नाही. मागच्या नवरात्रानंतर ती ओढणी मी धुतलेलीच नाही.

तो वास फॉस्फेटिंगचा. चाकणच्या एमआयडीसीत एका शॉपमध्ये आई कामाला होती. दुचाकीचे लोखंडी सुटे भाग रंगाला जाण्याआधी सात टाक्यांमधून बुडवून काढतात. एकीत तेल निघतं, एकीत गंज निघतो, मध्येमध्ये साध्या पाण्याच्या टाक्या, आणि सहाव्या टाकीत लोखंडावर राखाडी थर चढतो. तो थर नीट चढला नाही तर वरचा रंग दोन पावसाळे टिकत नाही. आई लागली तेव्हा हँगरला माल अडकवायचं काम करायची. बार्शीकडून आलेली, आठवी शिकलेली बाई. पण सहाव्या टाकीची ताकद तपासणारा केमिस्ट नोकरी सोडून गेला आणि चार दिवस कुणीच मिळेना, तेव्हा तिने सांगितलं, मी रोज बघते तो काय करतो ते, मला येतं. आणि तिला येत होतं. टाकीतलं थोडं पाणी काचेच्या भांड्यात घ्यायचं, दोन थेंब रंगद्रव्य टाकायचं, मग ब्युरेटच्या उभ्या नळीतून एकेक थेंब सोडत राहायचं. ज्या थेंबाला गुलाबी रंग येऊन टिकतो तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. त्याला शॉपमध्ये पॉइंट म्हणतात. पॉइंट कमी आला की केमिकल घालायचं. अकरा वर्षं तिने ते केलं. पगारपत्रकावर शेवटपर्यंत ‘हेल्पर’ होतं, ही वेगळी गोष्ट. त्यावर मी एक पत्रक काढलं होतं.

लहानपणी सुट्टीत एकदा तिने मला शॉपमध्ये नेलं होतं. टाकीच्या कडेला उभी राहून मी म्हणाले होते, आई, टाकी तर भरलेलीच आहे, मग रोज कशाला घालतेस?

“भरलेली दिसती म्हणून फसू नको,” ती म्हणाली होती. “हँगर वर येताना बघ. प्रत्येक हँगर आंगावर थोडं थोडं घेऊन जातोय. वरून आपण पाणी सोडतो, म्हणून टाकी तेवढीच दिसती. पाणी ऱ्हातं, ताकद जाती.”

त्या टाकीच्या डोक्यावर एक छोटा कॅन टांगलेला असायचा. त्याच्या तोटीतून टोनर नावाचं केमिकल थेंब थेंब पडत राहायचं. लाइन चालू, तर थेंब चालू. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली की आई पहिली उठून तोटी बंद करायची, कारण थांबलेल्या लाइनवर थेंब पडत राहिले तर टाकी बिघडते. लाइन जोरात असेल तर थेंब वाढवायचे. हे सगळं ती हाताने करायची, बोटाने तोटी फिरवत, कानाने थेंब ऐकत. शॉपचे मेंटेनन्स फिटर सलीमचाचा, आमच्या शेजारच्या भोसरीतले, तिची चेष्टा करायचे. “ताई, तुमी त्या टाकीला बाळासारखं पाजता राव.” ती म्हणायची, “बाळ तरी रडून सांगतं.”

आणि तिचं एक भांडण कायमचं होतं. लॉगबुकशी. दर दोन तासांनी पॉइंट लिहायचा असा नियम. दुसऱ्या शिफ्टचा माणूस कंटाळला की वरचा आकडा बघून खाली लिहायचा, ‘वरीलप्रमाणे’. आई सकाळी ते पान उघडायची आणि सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं बोलायची. “वरीलप्रमाणे काय? टाकी काय वरीलप्रमाणे ऱ्हाती व्हय? लाइन रात्रभर चालली ना? मग?”

मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की आमच्या घरात तो एक विनोद होता. भाजीत मीठ किती घालू, असं मी विचारायचे आणि आई म्हणायची, वरीलप्रमाणे.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा एका बंद पडलेल्या कंपनीच्या युनियनचे चिटणीस होते. मी नववीत असताना ते गेले आणि घरात पत्रकांचे गठ्ठे राहिले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. गणित अडलं की कागद उलटून पुढचं वाचायचे. आता आकुर्डीला एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करते आणि उरलेल्या वेळात कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते. माझ्या सगळ्यात जास्त वाटल्या गेलेल्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही’. चाकणच्या फाट्यावर मी ते स्वतः वाटलं. सलीमचाचांनी दोन मागून घेतली होती.

दुसरं एक पत्रक बायकांच्या संडासाबद्दल होतं. कितीतरी शॉपमध्ये बायकांसाठी एकच, तोही लांब, तोही पुरुषांच्या लाइनसमोरून जायचा. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी बसमध्ये बसायच्या आधी अर्धा ग्लास आणि नंतर थेट संध्याकाळी. उकळत्या टाक्यांच्या वाफेत आठ-दहा तास. मी हे लिहिलं, छापलं, गेटवर वाटलं. आणि माझी स्वतःची आई रोज भरलेली बाटली घेऊन जाते आणि भरलेलीच परत आणते, हे मला दिसलं नाही. लघवीला जळजळ होतेय हे तिने मला सांगितलं नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून दोन दिवस घ्यायची आणि बरं वाटलं की सोडायची.

घटस्थापनेच्या दिवशी तिला शॉपमध्ये थंडी वाजून ताप आला. टाकीजवळ एवढी गरमी, आणि ती कुडकुडत होती. दुसऱ्या दिवशी पाठीत कळा आणि उलट्या. तिसऱ्या दिवशी ती आयसीयूत होती. किडनीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता, बीपी खाली आलं होतं. रुग्णालय कुठलं ते लिहीत नाही. ही गोष्ट एका रुग्णालयाची असती तर नाव लिहून मोकळी झाले असते.

श्वासाची नळी घालायच्या आधी मला दोन मिनिटं आत सोडलं. तिचे ओठ सुकले होते. मी वाकले तेव्हा ती म्हणाली, “सारिका, माझ्या जागी कोण बसलंय?”

“कुणीतरी असेल गं.”

“लॉगबुक बघायला सांग. वरीलप्रमाणे लिवू देऊ नको म्हणावं.”

मी हसले. ती हसली नाही. मग सिस्टरने मला बाहेर जायला सांगितलं. आईशी झालेलं माझं हे शेवटचं बोलणं.

त्याच दिवशी एका तरुण डॉक्टरने मला कागदावर काढून समजावलं. मोठं अँटिबायोटिक सुरू केलंय. पण किडनी काम करत नाहीये. किडनी औषध बाहेर टाकते. ती बंद असेल तर औषध आत साठतं, जास्त साठलं तर मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. म्हणून डोस निम्म्यावर आणलाय. मला पटलं. कुणालाही पटेल, कारण ते बरोबरच होतं. त्या दिवशी बरोबर होतं.

चौथ्या दिवशी मशीन आलं. नेहमीचं डायलिसिस चार तासांचं असतं, पण ते सोसायला बीपी लागतं आणि आईचं बीपी औषधांच्या दोऱ्यांवर लटकलेलं होतं. म्हणून हे संथ चालणारं, चोवीस तासांचं डायलिसिस. माणसाच्या खांद्याएवढं उंच यंत्र, त्याच्या पोटाखाली काट्याला टांगलेल्या मोठ्या पारदर्शक पिशव्या. मानेतल्या नळीतून रक्त येतं, गाळणीतून फिरतं, परत जातं. जे नको ते खालच्या पिशवीत पिवळसर पाणी होऊन उतरतं. पिशवी भरत आली की यंत्र ओरडतं, सिस्टर येते, रिकामी करते, पुन्हा लावते. मी काचेतून ते बघत राहायचे. मला बरं वाटायचं. माझ्या आईच्या अंगातलं विष निघून जातंय, असं मी मनात म्हणायचे.

डोस तोच होता. निम्मा.

हे आता मला माहीत आहे, कारण नंतर मी कागदांच्या प्रती मागून घेतल्या. डोस निम्मा करणारे डॉक्टर वेगळे, मशीन लावायला आलेले वेगळे. दोघांनीही आपापलं काम नीट केलं. मधल्या काळात शिफ्ट बदलल्या, एक रविवार आला. रोज सकाळच्या पानावर तीन इंग्रजी अक्षरं होती, सीएसटी. याचा अर्थ मी प्रती घ्यायला गेले तेव्हा सिस्टरला विचारला. ती म्हणाली, “म्हणजे सेम ट्रीटमेंट कंटिन्यू. कालचंच पुढे.”

माझ्या आईने अकरा वर्षं ज्या शब्दाशी भांडण केलं, तो शब्द तिच्याच उशाशी इंग्रजीत लिहून ठेवलेला होता.

पाचव्या दिवशी सलीमचाचा आले. कंपनीतून तसेच, हाताला ग्रीसचा काळा वास, साबणाने घासून लाल झालेली बोटं. सिस्टर त्या दिवशी दयाळू होती, तिने दोघांना एकदम आत सोडलं. हिरवे गाऊन घालून आम्ही पायथ्याशी उभे राहिलो. आईचे हात सुजून ओळखू येत नव्हते. चाचा तिच्या तोंडाकडे फार वेळ बघू शकले नाहीत. मग त्यांनी जे कुठलाही फिटर करेल तेच केलं, ते यंत्राकडे बघू लागले. रक्त कुठून येतं, कुठे जातं, पंप कुठला, काटा कशाचा. तेवढ्यात पिशवी भरली आणि सिस्टर ती उघडून पाणी मोजून ओतू लागली.

“सिस्टर, हे किती निघतं दिवसाला?” चाचांनी विचारलं.

“बादल्या भरतात काका.”

चाचांनी वर बघितलं. स्टँडवर औषधाची छोटी बाटली टांगलेली होती, अँटिबायोटिकची. परत खाली बघितलं, पिशवीकडे. तरुण डॉक्टर पलीकडच्या खाटेशी होता. चाचा त्याच्याकडे वळले.

“डॉक्टरसाहेब, एक विचारू का? हे वरून औषध येतंय, आन हे खालून पाणी जातंय. मग औषध काय तिथंच बसून ऱ्हातं व्हय? ते बी ह्या पाण्यातनं जात असंल की. मग त्याचं माप कसं धरलंय तुमी?”

डॉक्टरने मान वर केली. त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं. तो काही बोलणार होता, असं मला अजून वाटतं.

मी चाचांचं मनगट धरलं. “चाचा,” मी हळू म्हणाले, “इथे नको. त्यांना त्यांचं काम करू द्या. सॉरी डॉक्टर.”

डॉक्टर म्हणाला, “इट्स ओके,” आणि पुन्हा त्या खाटेकडे वळला. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, “तसं न्हाई बेटा, मी आपलं असंच.” मग बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो आणि ते कंपनीच्या बसने गेले.

मी असं का केलं? वर्षभर मी हेच विचारतेय. कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या अंगावर जाऊन ओरडणारी मी. पत्रकात मोठ्या अक्षरात प्रश्न विचारा म्हणणारी मी. पण त्या हिरव्या गाऊनमध्ये मला भीती वाटली. डॉक्टर चिडला तर आईकडे लक्ष देणार नाही, ही भीती. आणि त्याहून वाईट एक गोष्ट, जी मी आजवर कुठल्या पत्रकात लिहिली नाही. मला लाज वाटली. ग्रीसच्या हातांचा माणूस डॉक्टरला विचारतोय, त्याची लाज. आठवी शिकलेली बाई टाकी सांभाळू शकते, हे मी सगळ्या चाकणला ओरडून सांगितलं होतं. फिटरला प्रश्न पडू शकतो, हे माझं मलाच खरं वाटलं नाही. चाचा काय बोलत होते? वाहत्या टाकीबद्दल बोलत होते. ज्या भाषेत माझ्या आईने मला वाढवलं त्याच भाषेत बोलत होते, आणि मला ती ओळखू आली नाही.

सहावा दिवस तसाच गेला. ताप हटत नव्हता. बीपी टिकवायच्या औषधाचा आकडा पंपावर वाढत होता. त्या दिवशी मशीनची गाळणी रक्ताने तुंबली आणि ते कित्येक तास बंद होतं, मग नवी गाळणी लावून पुन्हा सुरू केलं. चालू, बंद, चालू. डोस वरीलप्रमाणे.

सातव्या दिवशी राउंडला एक मोठ्या डॉक्टर आल्या. पांढरे केस, चष्मा नाकावर खाली आलेला. मी दाराशी उभी होते आणि दार अर्धं उघडं होतं. त्यांनी फाइलवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच थांबलं.

“मशीन चौथ्या दिवसापासून चालू आहे ना?”

“हो मॅडम.”

“मग हा डोस कुणाचा आहे? किडनी बंद असलेल्या पेशंटचा ना? हिची किडनी बंद आहे, पण मशीन चालू आहे. मशीन औषध नेतंय.”

त्यांनी पेन काढलं. पिशवीतल्या पाण्याचे आकडे विचारले, अंगावर किती सूज आहे, स्वतःची लघवी किती होतेय, मशीन किती तास बंद होतं, हे सगळं विचारून त्यांनी कोपऱ्यात गणित मांडलं आणि डोस वाढवला. त्यांना दोन-तीन मिनिटं लागली असतील. ओरडल्या नाहीत. जाताना तरुण डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “जेवलास का?”

माझ्या कानात चाचांचा आवाज आला, जसाच्या तसा.

आठव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मी चाचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “अल्लाची मेहरबानी.” मी त्यांना बाकीचं सांगितलं नाही.

नववा दिवस खंडेनवमीचा. आमच्या पट्ट्यात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. दुपारनंतर यंत्रं थांबतात. वर्षभर ज्या आवाजात आपण ओरडून बोलतो तो आवाज एकदम बंद होतो आणि लोक उगाचच हळू बोलू लागतात. लेथला, प्रेसला, फोर्कलिफ्टला झेंडूचे हार, कंट्रोल पॅनलवर कुंकवाचं बोट, तेलात भिजून तपकिरी झालेलं. गेटवर कोहळा फोडतात. आई सातही टाक्यांना हळद-कुंकू लावायची, पण सगळ्यांत आधी ब्युरेट धुऊन, पुसून, तिच्या स्टँडला एक फूल बांधायची. “ही खरं बोलती,” एवढंच ती म्हणायची.

आयसीयूत खऱ्या फुलांना परवानगी नसते, कुंकवाच्या पुडीलाही नसते. पण सिस्टर कुठल्यातरी खेड्यातली होती आणि तिला राहवलं नाही. तिने पिवळ्या कागदाचं झेंडूचं फूल करून आणलं होतं आणि ते चिकटपट्टीने यंत्राच्या बाजूला लावलं. कुंकवाऐवजी पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवली. यंत्र टिकली लावून चालत होतं. खाली पिशवी भरत होती. सिस्टरने हात जोडले. मी देव मानत नाही, पप्पांच्या पत्रकांनी तेवढं केलंय. तरी मीही हात जोडले. आणि जोडलेल्या हातांनीच माझ्या मनात आलं, आम्ही यंत्राच्या पाया पडलो, पण यंत्र काय काय घेऊन चाललंय ते तीन दिवस कुणी विचारलं नाही. ज्याने विचारलं त्याला मी थांबवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. ताप उतरलेला होता. पण तोवर फुप्फुसं थकली होती, यकृत थकलं होतं, हृदय थकलं होतं. सोन्याची पानं लोकांच्या खिशात अजून चुरगळत होती.

पंधरा दिवसांनी मी त्या तरुण डॉक्टरला भेटायला गेले. भांडायला गेले होते, खरं सांगते. पिशवीत कागदांच्या प्रती होत्या. तो कँटीनमध्ये बसला आणि सगळं ऐकून घेतलं.

“तुमचा प्रश्न बरोबर आहे,” तो म्हणाला. “त्या काकांचाही बरोबर होता. मी त्यांना उत्तर द्यायला हवं होतं.”

“डोस वेळेवर वाढवला असता तर आई वाचली असती?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे खरंच माहीत नाही. इतक्या आजारी माणसांत पूर्ण डोस देऊनही अनेक जण जातात. रक्तात त्या औषधाचं प्रमाण मोजता आलं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं. ती तपासणी आमच्याकडे नाही.” तो टेबलावरच्या पाण्याच्या डागाकडे बघत होता. “आणि डोसाचा एक तक्ता नाहीये हो. चार पुस्तकं चार आकडे सांगतात. मशीन किती वेगाने चालतंय, पेशंट किती सुजलाय, त्यावर बदलतं. रोज नव्याने गणित करावं लागतं.”

“कोण करतं ते?”

“त्यासाठी वेगळा माणूस असतो काही ठिकाणी. औषधांचाच जाणकार, राउंडला सोबत फिरतो. आमच्याकडे मीच. चौदा खाटा.”

मी भांडले नाही. कागद पिशवीत तसेच राहिले. बाहेर आले तेव्हा मला राग येत होता, पण त्याच्यावर येत नव्हता. एका फॉस्फेटिंगच्या शॉपमध्ये, जिथे दुचाकीच्या ब्रॅकेटला रंग नीट बसावा एवढाच प्रश्न आहे, तिथे सहाव्या टाकीजवळ दर दोन तासांनी एक बाई थेंब मोजत बसते. तिला हेल्पर म्हणतात, पण ती बसते. आणि जिथे माणूस टाकीसारखा वाहतोय तिथे ती जागा रिकामी आहे. यंत्र घ्यायला रुग्णालयं पुढे येतात, फ्लेक्सवर त्याचा फोटो लावतात. यंत्राशेजारी बसून मोजणारं माणूस फोटोत दिसत नाही, म्हणून नेमलं जात नाही. हे मी पत्रकात लिहिलंय आणि पुढेही लिहीन. गेटवर उभी राहीन. पण पत्रकात सगळा दोष समोरच्याचा असतो. म्हणून हा लेख वेगळा लिहावा लागला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा नवरात्र चालू होतं; ते संपता संपता, परवा खंडेनवमीला, चाचांनी बोलावलं. वर्षभर मी त्या शॉपमध्ये गेले नव्हते. लाइन थांबलेली, टाक्या शांत. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. आईच्या जागी आता एक नवी मुलगी बसते, जालन्याची. तिने ब्युरेट धुऊन ठेवली होती आणि स्टँडला एक फूल बांधलं होतं. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, “चाचांनी. आन लॉगबुकात वरीलप्रमाणे लिवलं की लै बोलत्यात बघा.”

चाचांनी त्यांची हत्यारांची पेटी पूजेसाठी उघडून ठेवली होती. पान्यांना, पकडींना कुंकवाचं एकेक बोट लावलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता, तेलाने पारदर्शक झालेला, कडा फाटलेल्या. माझं पत्रक. ‘प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही.’ त्या शीर्षकाच्या खालीही बायकांपैकी कुणीतरी हौसेने कुंकवाचं बोट उमटवलं होतं.

“हे कधी लावलंत?” मी विचारलं.

“कधीचंच हाय. तू गेटवर वाटलं तवाच.”

म्हणजे त्या दिवशी ते आयसीयूत आले तेव्हा हा कागद इथे होता. ते माझंच वाक्य घेऊन आले होते. मी त्यांना मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, सातव्या दिवसाचं, मोठ्या डॉक्टरांचं, बोट थांबल्याचं. त्यांनी ऐकलं. बराच वेळ पेटीतला एक पाना पुसत राहिले. मग म्हणाले, “मला आजून एकदा विचारायला पायजे होतं बेटा.”

मी म्हणाले, “नाही चाचा. तुम्ही विचारलं होतं.”

आता तुम्हाला एक मागते. तुमचं माणूस आयसीयूत असेल आणि त्याला सतत चालणारं डायलिसिस लागलं असेल, तर एका कागदावर हा प्रश्न लिहून घ्या आणि रोज, शांतपणे, डॉक्टरांना विचारा: मशीन चालू झाल्यापासून अँटिबायोटिकचं गणित पुन्हा केलंय का? आणि मशीन बंद पडलं किंवा वेग बदलला, तर परत केलंय का? डोस वाढवा असं म्हणू नका, ते आपलं काम नाही, जास्त झालेलं औषधही घातक असतं. फक्त मोजलंय का, एवढं विचारा. तुमच्या भागातल्या रुग्णालयात असं मोजणारं वेगळं माणूस आहे का, तेही विचारा, आणि नसेल तर का नाही, हे लेखी विचारा.

आणि खाटेच्या पायथ्याशी तुमच्या शेजारी उभं असलेलं कुणी, त्याच्या हाताला ग्रीस असो की पीठ, डॉक्टरांकडे वळून म्हणालं, “एक विचारू का?”, तर त्याचं मनगट धरू नका.